सतरा डिग्रीची एलएनबी

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी सी बँडची एलएनबी मागितली, तेव्हा काउंटरमागच्या काकांनी विचारले, “कितीची देऊ? सतराची की विसाची?”

“सतरा काय?”

“डिग्री. जेवढी कमी तेवढी चांगली. सतराचीच न्या.”

देवरुखला माझ्या मेव्हण्याच्या गच्चीवर आठ फुटी जाळीची छत्री आहे. फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर तो खूश असतो. पण त्या दिवसांत दोन वाहिन्यांचे चित्र सारखे चौकोन चौकोन होऊन थिजत होते, म्हणून ही खरेदी. परतीच्या गाडीत मी डबा उलटसुलट करून वाचला. त्यावर दोनच गोष्टी ठळक होत्या: ३.७ ते ४.२ गीगाहर्ट्झ हा पट्टा, आणि १७ या आकड्याच्या डोक्यावर डिग्रीचे टिंब व शेजारी केल्विनचे अक्षर. १७ केल्विन म्हणजे शून्याखाली २५६ अंश सेल्सियस. कोकणातल्या उन्हात तापणाऱ्या ॲल्युमिनियमच्या डबीवर हा आकडा कशासाठी, हे कोडे डोक्यातून जाईना.

ते सुटले भलत्याच ठिकाणी. आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६५ साली ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये छापलेले छोटे टिपण मी वाचत होतो. विश्वाच्या जन्मकाळचा उरलेला प्रकाश सापडल्याची ती पहिली वर्दी. मोजमाप कोणत्या वारंवारतेवर केले ते शीर्षकातच आहे: ४०८० मेगासायकल, म्हणजे आजच्या भाषेत ४.०८ गीगाहर्ट्झ. आणि आत उत्तर: ३.५, डोक्यावर टिंब, शेजारी केल्विन. मी उठून कपाटातला डबा काढला. तोच पट्टा, तेच एकक, तेच टिंब.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की ही डबी दिसते टीव्हीच्या घराण्यातली, पण तिचे कूळ आकाश मोजणाऱ्यांचे आहे, आणि डब्यावरची डिग्री ही त्या कुळाची खूण आहे.

आधी नावाचा घोळ मिटवतो. एलएनबी म्हणजे ‘लो नॉइज ब्लॉक’. बाजारात याचा सरळ अर्थ लावतात: नॉइज ब्लॉक करते, खरखर अडवते, म्हणून ब्लॉक. काकांनीही मला तसेच सांगितले. अर्थ इतका चपखल बसतो की खोडून काढावासा वाटत नाही, पण तो चुकीचा आहे. ब्लॉक म्हणजे इथे वारंवारतांचा अख्खा गठ्ठा. सुरुवातीच्या छत्र्यांवर एका वेळी एकच वाहिनी खाली उतरवणारे यंत्र असे. घरात दोन टीव्ही असले तरी दोन्हींवर एकच काय ते दिसे. मग सगळा पट्टा एकगठ्ठा उतरवायची युक्ती आली. डबीत ५१५० मेगाहर्ट्झचा दोलक बसवला. त्यातून ३७०० ते ४२०० वजा केले की उरतात १४५० ते ९५०. एवढ्या खालच्या लहरी साध्या केबलमधून घरात येतात, आणि वाहिनी निवडायचे काम सेट-टॉप बॉक्सकडे जाते. खरखर अडवण्याशी ब्लॉकचा संबंध नाही. आलेली खरखर कोणतीही डबी अडवू शकत नाही. चांगली डबी आपल्या अंगची खरखर त्यात कमी मिसळते, एवढेच.

ही अंगची खरखर डिग्रीत मोजायच्या रीतीचे मूळ १९२८ सालचे. बेल प्रयोगशाळेत जॉन बी. जॉन्सन यांनी दाखवून दिले की कोणताही विद्युत रोधक नुसता पडून असला तरी त्याच्या दोन टोकांमध्ये बारीक खरखर असते, आणि ती त्याच्या तापमानाच्या प्रमाणात वाढते. हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे गणित बसवले. जुन्या टीव्हीवर वाहिनी नसली की ज्या मुंग्या दिसत, त्यांतल्या पुष्कळशा या उष्णतेच्याच. एकदा हे नाते कळले की ते उलटही वापरता येते: एखादे यंत्र किती खरखर करते हे सांगायचे, तर तेवढीच खरखर करणारा रोधक किती तापलेला असता ते सांगावे. सतरा डिग्रीची एलएनबी म्हणजे १७ केल्विनला गारठलेल्या रोधकाइतकीच कुजबुजणारी. डबीला स्वतःला हात लावला तर चटका बसेल. ती आवाजाने थंड आहे.

इथे प्रतिस्पर्धी मत उभे राहते. रेडिओ आणि रडारवाले खरखर डेसिबलमध्ये मोजत. हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ साली ‘नॉइज फिगर’ची पक्की व्याख्या केली आणि तुलनेसाठी २९० केल्विन हे तापमान ठरवले. कारण असे की या तापमानाला बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने गुणले की चार हा जवळजवळ पूर्ण आकडा मिळतो, हिशेब सोपा होतो. (२९० केल्विन म्हणजे १७ अंश सेल्सियस. देवरुखच्या गच्चीवर माघातल्या पहाटेलाच काय ते मिळावे.) आजही घरोघरच्या छोट्या, केयू बँडच्या डीटीएच छत्रीच्या एलएनबीवर डेसिबलच छापलेले असतात: ०.३, ०.२, ०.१. मोठ्या छत्रीच्या सी बँड एलएनबीवर मात्र केल्विन. एकाच दुकानात, एकाच फळीवर, एकाच कामाच्या दोन डब्यांवर दोन वेगळी मापे.

अभियंत्यांना विचारा, ते सांगतील की ही निव्वळ सोय आहे. १७ केल्विन म्हणजे डेसिबलमध्ये सुमारे ०.२५ आणि २० केल्विन म्हणजे ०.२९. इतके जवळचे आकडे गिऱ्हाइकाला काय सांगणार? केल्विनमध्ये तीनचा फरक डोळ्यांत भरतो. युक्तिवाद वजनदार आहे, पण तो पुरा पडत नाही. केयू बँडच्या डब्यांवरचे आकडेही आता तितकेच जवळ आले आहेत, तरी तिथे कुणी केल्विन छापायला घेतले नाही. सोयच कारण असती तर दोन्हीकडे एकच सोय झाली असती. मापे घराण्यातून येतात. केयू बँडची छत्री जपान आणि युरोपातल्या टीव्ही बनवणाऱ्यांनी घरोघर नेली. ते ट्यूनरच्या परंपरेतले लोक. त्यांनी डेसिबल आणले. सी बँड आला हॉल्मडेलहून.

हॉल्मडेल हे न्यू जर्सीतले गाव. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्ल जान्स्की यांना आकाशगंगेची रेडिओ खरखर पहिल्यांदा सापडली ती हॉल्मडेललाच, आणि त्यांचे वरिष्ठ होते हेच फ्रिस. म्हणजे डेसिबलवाले आणि केल्विनवाले ही एकाच वाड्यातली भावकी. पुढे त्याच परिसरात क्रॉफर्ड हिलवर वीस फुटी तोंडाचे प्रचंड शिंग उभे राहिले, १९६० साली सोडलेल्या एको या चकचकीत फुग्यावरून परतणारे संदेश टिपण्यासाठी. ते इतके क्षीण असत की डेसिबलची भाषा अपुरी पडू लागली. शिंगाच्या तळाशी द्रव हेलियममध्ये बुडवलेला माणकाचा मेसर हा प्रवर्धक बसवला होता, आणि सगळा हिशेब अंशांत चाले: आकाशाचे इतके अंश, जमिनीचे इतके, मेसरचे इतके. एडवर्ड ओम यांनी १९६१ साली असा जमाखर्च मांडला. बेरीज १८.९ यायला हवी होती, मोजले तर २२.२. तीन अंशांहून थोडे जास्त कुठून आले याचा पत्ता लागला नाही. तीनच वर्षांनी पेंझियस आणि विल्सन त्याच शिंगाशी बसले आणि त्यांनी त्या तीन अंशांचा पिच्छा सोडला नाही.

आता पट्ट्याचा प्रश्न. विश्वाचा जन्मप्रकाश मोजायला त्यांनी ४०८० मेगासायकलच का निवडले? त्यांनी निवडले नाही. ते आयते मिळाले. अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीने १९५०पासून डोंगरमाथ्यांवर मायक्रोवेव्हचे मनोरे उभारले होते आणि त्यांचा पट्टा होता ३.७ ते ४.२ गीगाहर्ट्झ. त्या लहरींची यंत्रे, नळ्या, जोडण्या, सगळे तयार होते. १९६२च्या टेलस्टार उपग्रहाने जमिनीवर बोलायला त्याच आवाक्यातली वारंवारता घेतली, हॉल्मडेलचे ग्राहकयंत्र तिच्यासाठी सज्ज झाले, आणि टेलस्टारचे काम संपल्यावर ते दोघा खगोलवाल्यांच्या हाती आले. पुढे जगभरच्या दळणवळण उपग्रहांनी हाच पट्टा उचलला. म्हणून देवरुखची छत्री आज ज्या खिडकीतून बघते, त्याच खिडकीतून १९६४ साली विश्वाचा आरंभ पहिल्यांदा दिसला होता.

टिंबाबद्दलचा माझा तर्कही इथेच सांगतो. १९६७ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने केल्विनवरची डिग्री अधिकृतपणे काढून टाकली. शुद्ध लिहायचे तर नुसते ‘१७ केल्विन’. डब्यांवर टिंब अजून आहे. कुणी म्हणेल, सेल्सियसच्या सवयीने लागले असेल. पण सवयीने टिंब लागायला आधी मोजमाप तापमानात व्हावे लागते, आणि ते तापमानात करायची सवय ज्यांनी लावली त्यांच्या लिखाणात हे टिंब होते. १९६७च्या आधी ज्या लोकांत हे माप रुळले, त्यांच्या हातची ती लिपी आहे असे मी मानतो.

आणखी दोन दावेदार आहेत, आणि दोघांशी आपले नाते आहे. पहिले जगदीशचंद्र बोस. १८९७च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी मिलिमीटर-सेंटिमीटरच्या लहरी दाखवल्या, त्या गोळा करायला शिंगासारखे नाळके वापरले, आणि गॅलेना या खनिजाचा शोधक बनवून त्याचे पेटंट १९०४ साली मिळवले. आपल्या एलएनबीच्या तोंडाशी असलेला फीडहॉर्न पाहिला की बोसच आठवतात. पण कूळ सांगायचे तर धागा अखंड हवा. बोसांनंतर हे तंत्र जवळपास चाळीस वर्षे झोपले, आणि १९३०च्या दशकात अमेरिकेत नव्याने शोधले गेले. बोस आद्य खरे. वंशावळीत मात्र त्यांच्याखालची रेघ तुटलेली आहे. हे लिहिताना मला वाईट वाटते.

दुसरा दावा १९७५-७६च्या साइट प्रयोगाचा. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर भारताकडे वळवून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. खेड्यांतल्या छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, दहा फुटी. त्याच काळात इंग्लंडमध्ये शेफील्डला स्टीव्हन बर्किल नावाच्या बीबीसीतल्या अभियंत्याने स्वतः बांधलेल्या यंत्रावर, आपल्या घरी, हेच भारतीय कार्यक्रम पकडले. उपग्रहाचा झोत भारतावर होता. शेफील्डपर्यंत पोहोचत होती ती त्याची कड. युरोपातल्या घरगुती छत्रीची सुरुवात भारतीय शेतीच्या कार्यक्रमांनी झाली, ही गोष्ट मला फार आवडते. पण साइट चालत होता ८६० मेगाहर्ट्झवर. तिथली यंत्रे सुधारलेल्या टीव्हीची भावंडे. आपल्या डबीची आई ती नव्हे.

अमेरिकेत पहिली घरगुती सी बँड छत्री लावल्याचा मान टेलर हॉवर्ड यांना देतात. साल १९७६. हे गृहस्थ कोण? स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रहांवर रडार लहरी टाकून परत येणारे प्रतिध्वनी ऐकणारे शास्त्रज्ञ. पुढे त्यांनी फीडहॉर्न बनवणारी चॅपरल ही कंपनी भागीदारीत काढली. छत्रीच्या फीडभोवती जी वर्तुळाकार खाचांची चकती बसवतात, ती घरोघर नेणाऱ्यांत या कंपनीचे नाव आघाडीवर. म्हणजे गच्चीवर छत्री आणणारा माणूससुद्धा आकाशवालाच. १९७९च्या नाताळात अमेरिकेतल्या एका श्रीमंती दुकानाच्या सूचिपत्रावर घरगुती छत्री झळकली, किंमत ३६,५०० डॉलर, व्यास सुमारे वीस फूट. त्या काळी १२० डिग्रीचा प्रवर्धक चांगला समजत.

१२० डिग्रीवरून सतरावर आणले कुणी? माझ्या मते हा या कुळकथेचा गाभा आहे.

डबीतल्या ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन हवे असतील तर स्फटिकात परके अणू मिसळावे लागतात. ते इलेक्ट्रॉन देतात. पण देणारे अणू तिथेच ठाण मांडून बसतात, आणि धावणारे इलेक्ट्रॉन त्यांच्या विद्युतभाराने सारखे विचलित होतात. भाजीच्या गाड्यांनी भरलेल्या गल्लीतून माणसे पळावीत तसे. त्या धडपडीची खरखर होते. बेल प्रयोगशाळेत १९७८ साली दाखवले गेले की एकावर एक थर रचून देणारे अणू एका थरात आणि इलेक्ट्रॉन शेजारच्या स्वच्छ थरात ठेवता येतात. गाड्या माडीवर, पळणारे खाली मोकळ्या रस्त्यावर. जपानच्या फुजित्सूमधल्या ताकाशी मिमुरा यांनी १९७९ साली या थरांचा ट्रान्झिस्टर करायचे योजले, आणि १९८० साली तो जाहीर झाला. हेम्ट हे त्याचे नाव. त्यासाठी मिमुरांना २०१७ चे क्योतो पारितोषिक मिळाले.

फुजित्सूला त्यातून वेगवान संगणक करायचे होते. पण हेम्टची पहिली व्यापारी नोकरी लागली १९८५ साली, जपानच्याच नोबेयामा रेडिओ वेधशाळेत. ४५ मीटर व्यासाच्या त्या दुर्बिणीवर अतिशीत करून बसवलेल्या हेम्ट प्रवर्धकांनी वृषभ राशीतल्या काळ्या मेघात, चारएकशे प्रकाशवर्षांवर, पूर्वी न दिसलेले रेणू टिपले. आणि दोनच वर्षांत, १९८७पासून, तोच ट्रान्झिस्टर घरगुती उपग्रह टीव्हीच्या डब्यांत शिरला. छत्र्यांचा आकार निम्म्यावर आला. वेधशाळेतून थेट गच्चीवर, मध्ये कुणी नाही.

याचा हिशेब घरीही मांडता येतो. छत्रीची खरखर म्हणजे आकाश, छत्रीच्या कडेबाहेरून फीडला दिसणारी उबदार जमीन, आणि डबी यांची बेरीज. पहिली दोन मिळून ३५ केल्विन धरा. १२० डिग्रीच्या डबीसह बेरीज १५५. २० डिग्रीच्या डबीसह ५५. जवळजवळ तिपटीचा फरक. जुन्या बारा फुटी छत्रीचे काम सव्वासात फुटी छत्री करू लागली ती अशी. आता विसावरून पंधरावर या: ५५ चे ५० होतात, म्हणजे आठ फुटी छत्री चारपाच इंचांनी मोठी केल्यासारखे. फायदा आहे, पण शेवटच्या त्या पाच डिग्रींसाठी जीव टाकावा एवढा नाही. जमीन तीनशे केल्विनची आहे. फीड पुढेमागे सरकून जाळीबाहेरचे अंगण बघू लागला, तर त्या वाटेने येणारी खरखर सतराच्या डबीने वाचवलेले सगळे गिळून टाकते. म्हणून आधी फीड नेमका नाभीवर आणावा, चकती छत्रीच्या खोलीनुसार मागेपुढे करावी, डबी फिरवून सिग्नलचा आकडा सर्वांत वर जाईल तिथे आवळावी. डब्यावरचा आकडा पट्ट्यातल्या सर्वांत चांगल्या ठिकाणचाही असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. आणि २०२२पासून ३.३ ते ३.६७ गीगाहर्ट्झवर फाइव्हजीचे मनोरे बोलू लागले आहेत. जवळ मनोरा असेल तर ३.७च्या खालचे सारे गाळणारा फिल्टर लावल्यावाचून कितीही थंड डबी उपयोगाची नाही. शेजारच्या आरडाओरड्याने तिचे कान बधिर होतात.

देवरुखला नवी डबी लावल्यावर सिग्नल थोडाच वाढला. मग मेव्हण्याने केबलचा जोड उघडला, तेव्हा आतून हिरवट पाणी निघाले. नवा जोड, त्यावर रबरी टेप, फीड पाऊण इंच आत. चित्र फुटायचे थांबले. मी त्याला म्हणालो, “दाजी, तुझ्या छत्रीत आत्ता जी खरखर येते आहे, तिच्यातले जवळपास तीन अंश विश्वाच्या जन्मापासूनचे आहेत.” तो बराच वेळ छत्रीकडे बघत उभा राहिला.

मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटे आपली छत्री टीव्ही सोडून देते, कारण सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याची उष्ण खरखर सगळे बुडवते. केबलवाले त्याला सन आउटेज म्हणतात आणि ग्राहक तक्रार करतात. पण तेवढी मिनिटे ती छत्री रेडिओ दुर्बीणच झालेली असते. पुण्यात आयुकाच्या आवारातल्या रेडिओ फिजिक्स प्रयोगशाळेत डीटीएचच्या छत्र्या वापरून विद्यार्थ्यांसाठी छोट्या रेडिओ दुर्बिणी बांधल्या गेल्या. तुमच्या गच्चीवर बंद पडलेली छत्री असेल, तर ती भंगारात देऊ नका. एलएनबी, पन्नास-शंभर फूट केबल आणि दिशा लावणारे कारागीर वापरतात तो साधा सिग्नल मीटर घ्या, छत्री सूर्याकडे वळवा. काटा वर जाईल. मग ती सूर्यावरून ढळवून मोकळ्या आकाशाकडे न्या, काटा खाली येईल. शेजारच्या शाळेतली मुले आधी बोलवा.